अपुऱ्या माहितीचे गणित

गणिताच्या पुस्तकातील उदाहरणाइतके सरळमार्गी या जगात दुसरे काही नसेल. एका हौदास दोन नळ आहेत; पहिला नळ तो हौद ४ तासांत भरतो, दुसरा ६ तासांत; दोन्ही नळ एकदम सोडल्यास हौद किती वेळात भरेल? उत्तर काढण्यास जेवढी माहिती हवी तेवढी सारी तेथे दिलेली असते. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर अधिक नाही. भूमितीत तर ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ अशी स्वच्छ वाटणीच केलेली असते. हौद गळका आहे काय, नळास पाणी येणार आहे काय, मध्येच कोणी चावी बंद करील काय, असले प्रश्न तेथे विचारावयाचे नसतात. कोणी विचारलेच तर वर्गात हशा पिकतो आणि शिक्षकही त्या हशात सामील होतात.

आम्ही हा लेख लिहीत आहोत तो त्या हशाचा धनी झालेल्या मुलाची बाजू घेण्यासाठी. कारण शाळेबाहेर पडल्यावर जे हौद भरावे लागतात त्यांची माहिती कोणी पूर्ण देत नाही. विशेषतः ज्यांस पुढे यंत्रे घडवावयाची आहेत त्यांच्या वाट्यास तर नेहमीच अर्धी माहिती येते. त्या उरलेल्या अर्ध्या भागाचे काय करावयाचे, हे शिकविल्यावाचून यंत्रविद्येचे शिक्षण पुरे होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे मत आमच्या ठायी आपोआप उपजले नाही. ते आम्हांस एका शेतकऱ्याने शिकविले.

मागे एका विज्ञान-प्रदर्शनात आमच्या नववीच्या मुलांनी एक नमुना मांडला होता. प्लॅस्टिकची बादली म्हणजे विहीर, खेळण्यातील मोटार म्हणजे पंप आणि एका डब्यात बसविलेले इलेक्ट्रॉनिक यंत्र. मोबाईलवरून संदेश धाडला की मोटार चालू होई आणि कागदाच्या शेतात पाणी खेळू लागे. तक्ता सुबक होता, अक्षर मोत्यासारखे होते. पाहुण्यांनी वाहवा केली. इतक्यात वेदगंगेच्या काठच्या एका गावचे, आपल्या नातवाचा हात धरून आलेले एक वयस्कर शेतकरी पुढे झाले. त्यांनी तो प्रयोग दोनदा करून घेतला आणि म्हणाले, “लई झ्याक केलंय पोरांनो. पर एक सांगा, लाईट आली आन् हिरीत पाणीच नसलं, तर ह्यो डबा काय करतोय?”

मुलांनी तक्त्याकडे पाहिले. मग आमच्याकडे पाहिले. त्यांतला एक जण हळूच म्हणाला, “सर, तशी माहिती आपल्याला दिलेली नव्हती.”

आम्ही काय केले? “काका, हा केवळ नमुना आहे,” असे म्हणून वेळ मारून नेली. त्या दिवशी मुलांस पारितोषिकही मिळाले. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या मुलाचे वाक्य काही केल्या मनातून जाईना. दिलेली नव्हती! ती कोणी द्यावयाची होती? आणि ती आपल्यापाशी नाही, एवढे तरी त्यास कळावे अशी कोणती सवय आम्ही त्यास लावली होती? ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आम्ही मुलांस पाठ करून घेतली होती आणि प्रसंग येताच स्वतः आचरूनही दाखविली होती.

आता त्या डब्याविषयी थोडे. ज्यात लोखंडी सांगाडा, विजेची मोटार, इलेक्ट्रॉनिक मंडल आणि संगणकाचा आज्ञाक्रम हे सारे एकजीव झालेले असते अशा यंत्रांच्या विद्येस ‘मेकॅट्रॉनिक्स’ म्हणतात. १९६९ साली जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिक कंपनीतील तेत्सुरो मोरी या अभियंत्याने हा जोडशब्द बनविला. मनुष्यदेहाचा दृष्टांत घ्यावयाचा तर सांगाडा म्हणजे हाडे, मोटार म्हणजे स्नायू, संवेदक म्हणजे डोळे-कान आणि संगणक म्हणजे मेंदू. आपल्या घरातील कपडे धुण्याचे यंत्र हे याचेच उदाहरण होय. किती कपडे टाकले हे त्यास कोणी सांगत नाही. म्हणून त्यांतील कित्येक यंत्रे पाणी घेण्यापूर्वी कोरडे पिंप थोडे फिरवून पाहतात, मोटारीस किती जोर लागतो त्यावरून कपड्यांच्या ओझ्याचा अंदाज बांधतात आणि मग पाणी किती घ्यावयाचे ते ठरवितात. या यंत्राचा हा गुण आम्हांस फार आवडतो. त्यास ठाऊक नसते. पण ठाऊक नाही हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते.

अशी यंत्रे घडविताना अडचण कोठे येते ते पाहा. सांगाडा आखणारा म्हणतो, “मोटारीचे वजन किती ते आधी सांगा.” मोटार निवडणारा म्हणतो, “तिने किती ओझे ओढावयाचे ते सांगा. त्यात सांगाड्याचेही वजन आलेच.” विजेची बाजू सांभाळणारा म्हणतो, “मोटार ठरल्यावाचून मला तारेची जाडी ठरविता येत नाही.” आज्ञाक्रम लिहिणारा म्हणतो, “कोणते संवेदक बसविणार ते कळल्याखेरीज मी काय लिहू?” आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो गिऱ्हाईक म्हणतो, “यंत्र हाती आल्यावर काय हवे ते सांगेन!” बीज आधी की वृक्ष आधी, असा हा फेरा आहे. माहिती पूर्ण होईपर्यंत थांबू म्हणणारा जन्मभर थांबेल. आणि माहिती पूर्ण आहे अशी समजूत करून घेऊन धावणारा कोठे तरी आपटेल.

मग मार्ग कोणता? तो आमच्या घरोघरच्या लग्नकार्यात पाहावयास मिळतो. पंगतीस किती पाने होतील हे आचाऱ्यास कधीच नक्की ठाऊक नसते. यजमान म्हणतो, “पाचशे धरा”. आचारी मनात ‘चारशे ते सातशे’ असे धरतो. नक्की आकडा नसला तरी त्याच्यापाशी ‘येथपासून येथपर्यंत’ असा अंदाज असतो. मग तो कामांची वाटणी करतो. टिकणारी बुंदी तो आदल्या दिवशी पाडून ठेवतो. तांदूळ निवडून, धुऊन तयार असतात. पण भाताचे दुसरे पातेले पहिल्या पंगतीची पाने मोजल्यावाचून चुलीवर चढत नाही. जो निर्णय उशिरा घेतला तरी चालतो तो तो उशिराच घेतो, आणि तोवर चूल मात्र पेटती ठेवतो. पाने वाढली तर आमटीत पाणी घालता येते; भातात घालता येत नाही, हेही त्यास ठाऊक असते. कोणती चूक सावरता येते आणि कोणती येत नाही, हा भेद म्हणजे त्याच्या विद्येचे सार होय. उत्तम यंत्रकारही याहून वेगळे काही करीत नाही. तो आकड्याऐवजी मर्यादा लिहितो. फिरविता न येणारे निर्णय कमीत कमी करतो. आणि कोणता अंदाज चुकल्यास केवढी हानी होईल याची यादी भिंतीवर लावतो.

मर्यादा लिहितानाही गफलत होते. ‘आजवरचा सर्वांत मोठा पूर’ हे शब्द आमच्या दूधगंगा-वेदगंगेच्या काठी प्रत्येक वृद्धाच्या तोंडी असत, आणि त्याच खुणेच्या वर मोटार बसविली की लोक निर्धास्त होत. ऑगस्ट २०१९ च्या महापुराने ती निर्धास्तता धुऊन नेली. कित्येकांच्या मोटारी आणि स्टार्टरच्या पेट्या पाण्याखाली गेल्या. आपण पाहिलेला मोठ्यात मोठा पूर म्हणजे येऊ शकणारा मोठ्यात मोठा पूर नव्हे, एवढेच त्या पाण्याने शिकविले.

आमच्या या सीमाभागास यंत्रकाराचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण त्यांच्या दृष्टीस रंगांतील काही भेद कळत नाहीत असे आढळून आले. त्यांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाटने शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तीच शिकवू लागले. १८८८ साली बेळगावात निघालेल्या सायकलींच्या लहानशा दुकानापासून किर्लोस्कर उद्योगाचा इतिहास मोजला जातो, आणि बेळगावच्या एका रस्त्यास आजही त्यांचे नाव आहे. दुकानामागून कडबा कापण्याचे यंत्र आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर आला.

आता या नांगराचे नशीब पाहा. लोखंड कसे ओतावे, फाळास कोणता आकार द्यावा, हे लक्ष्मणरावांनी अभ्यासाने आणि खटपटीने जाणून घेतले होते. परंतु एक माहिती त्यांच्या कोणत्याही रेखाटनात नव्हती. लोखंडाने जमिनीस विष बाधते आणि ती नापीक होते, असा त्या काळच्या शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली! यंत्रात उणीव नव्हती. उणीव होती ती यंत्र ज्याच्या हाती जाणार त्याच्या मनाविषयीच्या माहितीत. शेतीची अवजारे शेतकऱ्याच्या गरजेप्रमाणे घडली पाहिजेत, ही लक्ष्मणरावांची पुढची सारी धारणा. १९१० साली बेळगावातील जागा सोडून औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हाही नांगर हाच त्यांचा आधार होता. दोन वर्षे माल पडून राहिला असता शेतकऱ्यास अडाणी म्हणून दुकान बंद करणे सोपे होते. त्यांनी त्याचा नकार ही माहिती मानली. आमच्या मते त्यांच्या थोरवीचे रहस्य येथे आहे.

नांगरामागून काही वर्षांनी किर्लोस्करवाडीस पाण्याचे पंपही होऊ लागले, आणि आज आमच्या उसाच्या पट्ट्यात पंप नाही असे शिवार विरळा. तेव्हा त्या प्रदर्शनातील प्रश्नाकडे पुन्हा वळू. शेतीपंपास लागणारी तीन फेजची वीज येथे पाळीपाळीने येते आणि कित्येकदा ती पाळी रात्रीची असते. मग घरचा कर्ता पुरुष, नाही तर कॉलेजात जाणारा मुलगा, विजेरी घेऊन अंधारात बांधावरून चालत जातो. वाटेत चिखल असतो, साप असतो, ओल्या पेटीत विजेचा धक्का बसण्याची धास्ती असते. तेथे पोहोचावे तर वीज गेलेली! ज्या वाचकांच्या घरी शेती आहे त्यांस हे सांगणे नको. घरात परतण्याची वाट पाहत जागी राहिलेली आईही त्यांना ठाऊक आहे.

या अडचणीवर आमच्या भागात पहिला उपाय निघाला तो ‘ऑटो’चा. स्टार्टरला एक साधे यंत्र जोडावयाचे. वीज येताच मोटार आपोआप सुरू. रात्रीची पायपीट वाचली. परंतु या यंत्रास एकच गोष्ट कळते, ती म्हणजे वीज आली. उसास तहान आहे की नाही हे त्यास कळत नाही. मालक परगावी गेला तरी ते पाणी पाजीतच राहते. शिवारातील सगळे ‘ऑटो’ एकाच क्षणी मोटारी सुरू करू लागले की ट्रान्सफॉर्मरवर एकदम ताण येतो. म्हणून पुढे प्रत्येकाने काही वेळ थांबून सुरू व्हावे अशी योजना करावी लागली. आणि निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत पाणी अधिक झाले की क्षार वर येतात. कृष्णाकाठची, शिरोळकडची क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांस हा धोका निराळा सांगावयास नको. अज्ञान लहानसे होते. फळ मोठे झाले.

दुसरा उपाय अधिक विचाराचा. पुण्याचे इलेक्ट्रॉनिक्स अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आपल्या वृद्ध आजोबांची पंप चालू-बंद करण्यासाठी होणारी पायपीट पाहिली होती. त्या चिंतेतून त्यांनी ‘नॅनो गणेश’ हे साधन घडविले. मोबाईलवरून पंप चालू करावा, बंद करावा, एवढेच त्याचे काम नाही; पंपाशी वीज आहे की नाही आणि मोटार खरोखर चालू झाली की नाही, हे ते घरी बसलेल्या शेतकऱ्यास उलट कळविते. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्यास पारितोषिक मिळाले. आमच्या दृष्टीने त्यातील मर्म त्या उलट निरोपात आहे. आज्ञा दिली म्हणजे काम झाले, असे हे साधन गृहीत धरीत नाही. टपालात टाकलेले पत्र आणि पोहोच मिळालेले पत्र यांत जेवढे अंतर, तेवढेच या दोन उपायांत आहे.

आता, विहिरीत पाणी नसेल तर? येथे मोठी गंमत आहे. अशा पंपांची चांगली नियंत्रक साधने विहिरीत डोकावल्यावाचून हे ओळखतात. पाणी उपसताना मोटार ठरावीक वीजप्रवाह घेते. पाणी संपून पंप कोरडा फिरू लागला की ओझे हलके होते आणि प्रवाह उतरतो. उलट तीन फेजपैकी एक गेली, किंवा दाब फार खाली आला, तर मोटार नेहमीहून अधिक प्रवाह ओढते, तापते आणि तिचे वाइंडिंग जळते. म्हणजे एका प्रवाहाच्या मोजमापावरून कितीतरी न दिसणाऱ्या गोष्टींचा सुगावा लागतो. तरीही तो सुगावाच, खात्री नव्हे. म्हणून शहाणा रचनाकार यंत्रास असा नियम घालून देतो की, संशय आला तर आधी थांब, मग धन्यास कळव. चार तास पाणी मिळाले नाही तर ऊस वाळत नाही; मोटार जळली तर हंगामाचे गणित बिघडते. आचाऱ्याचा आमटी-भाताचा विवेक तो हाच.

हा विवेक न पाळल्यास काय होते, याची साक्ष साऱ्या जगाने पाहिली आहे. बोइंग ७३७ मॅक्स या विमानात एक स्वयंचलित योजना होती. विमानाचे नाक समोरून येणाऱ्या वाऱ्याशी वाजवीपेक्षा अधिक कोन करू लागले तर ही योजना ते आपोआप खाली दाबी. तो कोन मोजणारे संवेदक विमानावर दोन होते; पण योजना एका वेळी त्यांतील एकाचेच ऐके. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात त्या एका संवेदकाकडून चुकीचे आकडे आले. यंत्राने ते ब्रह्मवाक्य मानले आणि वैमानिक नाक वर खेचीत असता ते खाली दाबीत राहिले. दोन अपघातांत मिळून ३४६ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे सुधारणा केली ती अशी की, दोन्ही संवेदकांची तुलना करावी, आणि त्यांच्यात मोठी तफावत असेल तर योजनेने मध्ये पडूच नये. ‘मला नक्की ठाऊक नाही, माझे हात बाजूस’, असे म्हणण्याची बुद्धी यंत्रास दिली गेली. पण ती केवढ्या किमतीनंतर!

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशाचे आहे आणि ते सांगताना ऊर अभिमानाने भरून येतो. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ हे अवतरणयान चंद्रावर उतरता उतरता कोसळले. त्यानंतर इस्रोच्या शास्त्रज्ञांनी जो प्रश्न स्वतःस विचारला तो प्रत्येक विद्यार्थ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. सर्व काही ठीक घडावे म्हणून काय करावे, असा तो प्रश्न नव्हता. काय काय बिघडू शकेल आणि तसे बिघडले तरी यान कसे उतरेल, असा होता. तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी ही अपयश गृहीत धरून केलेली रचना असल्याचे जाहीरपणे सांगितले. यानाचे पाय बळकट केले, इंधन वाढविले, वेग मोजण्याचे नवे साधन बसविले. आणि उतरण्याची जागा ५०० मीटर लांबी-रुंदीची होती ती सुमारे ४ किलोमीटर लांब नि अडीच किलोमीटर रुंद केली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ सुखरूप उतरले. चंद्राविषयीचे आपले अज्ञान चार वर्षांत संपले नव्हते. मात्र त्या अज्ञानास यानात जागा करून दिली होती.

येथे कोणी पालक शंका घेतील, आणि ती रास्त आहे. ‘ठाऊक नाही’ या शब्दांस असा मान दिला तर आळशी मुलास आयती ढाल मिळणार नाही काय? अभ्यास न करता ‘माहिती अपुरी होती’ म्हणून तो मोकळा होईल. आमचे उत्तर असे की, ‘ठाऊक नाही’ दोन प्रकारचे असते. एक, ज्याच्यानंतर पूर्णविराम येतो. दुसरे, ज्याच्यामागून तीन प्रश्न येतात: मला नेमके काय ठाऊक नाही? ते कोणास विचारावे, किंवा कोणत्या लहानशा प्रयोगाने कळेल? आणि कळेपर्यंत माझा अंदाज चुकला तर कोणाचे काय बिघडेल? पहिल्यास शिक्षा अवश्य करावी. दुसऱ्यास गुण द्यावेत; आणि हे गुण मिळविणे हौदाच्या उदाहरणाहून कितीतरी कठीण आहे, याची पालकांनी खात्री बाळगावी.

येथे दुसरीही एक शंका निघेल की, मुलांनी प्रथम पूर्ण माहितीची उदाहरणे सोडविण्यास नको काय? अवश्य हवीत. सूर लागल्यावाचून तान घेता येत नाही. परंतु दहावीपर्यंत केवळ सूरच लावीत बसले तर गाणे केव्हा व्हावयाचे?

म्हणून आमच्या तीन साध्या सूचना आहेत. पहिली, प्रत्येक सत्रात विज्ञानाच्या किंवा गणिताच्या परीक्षेत एक प्रश्न असा असावा की त्यातील एक आवश्यक गोष्ट मुद्दाम वगळलेली असेल. काय वगळले आहे ते ओळखणे, त्याची ‘येथपासून येथपर्यंत’ अशी मर्यादा धरणे आणि तिच्या दोन्ही टोकांस उत्तर काय येते ते दाखविणे, यासाठी गुण ठेवावेत. दुसरी, प्रदर्शनातील प्रत्येक तक्त्यावर साहित्य, कृती आणि निष्कर्ष यांच्याबरोबर ‘आम्हांस अद्याप न कळलेले’ असा चौथा रकाना असावा. तिसरी, कोणताही नमुना मांडण्यापूर्वी, जो तो प्रत्यक्ष वापरील अशा एका माणसास दाखवावा, आणि त्यावेळी मुलांनी बोलू नये, ऐकावे.

या तिसऱ्या सूचनेस आमच्या भागात विशेष अर्थ आहे. निपाणीकडच्या एखाद्या शेतात मालक मराठी बोलतो, कामावरचा गडी कन्नड बोलतो, आणि यंत्राच्या पेटीवरची अक्षरे इंग्रजीत असतात. पेटी करणाऱ्यास यांतले काहीच ठाऊक नसते. तो म्हणतो, “सोपे आहे, लाल दिवा, हिरवा दिवा!” परंतु ज्यास रंगांतील भेद कळत नाही त्याने काय करावे? बेळगावच्या ज्या थोर यंत्रकाराची गोष्ट आम्ही वर सांगितली, त्याच्यासारखी दृष्टी असलेल्या माणसाने त्या पेटीसमोर अडून राहावे काय? दिवे एकाखाली एक लावले, वरचा म्हणजे चालू आणि खालचा म्हणजे बंद, तर हा प्रश्न सहज सुटतो. खर्च काहीच नाही. कोणी तरी आधी विचारावयास हवे होते, इतकेच.

आता त्या नववीच्या मुलांचे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. पारितोषिक मिळाल्यानंतरच्या रविवारी आम्ही त्यांस घेऊन एका विहिरीवर गेलो, आणि तेथून मोटारीचे वाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानी. जळालेल्या तारांचा काळा गुंता हातात घेऊन त्याने मुलांस दोन तास जे शिकविले ते आम्हांस वर्षभरात शिकविता आले नव्हते. मुलांनी डब्यात प्रवाह मोजण्याची सोय केली. बादली रिकामी केली की मोटार थांबू लागली आणि मोबाईलवर निरोप येऊ लागला. पुढे गॅदरिंगच्या वेळी तो नमुना पुन्हा मांडला. या खेपेस मात्र तक्त्यावर तो चौथा रकाना होता.

त्यात पाच ओळी होत्या. चार ओळींपुढे मुलांनी आपापली उत्तरे लिहिली होती. पाचवी ओळ अशी होती: ‘पेटीत पाल शिरली तर? ठाऊक नाही. विचारीत आहोत.’

नमुना पाहावयास आलेल्या गावकऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकजण त्याच ओळीपाशी थांबला, आणि प्रत्येकाने मुलांस आपापल्या स्टार्टरच्या पेटीविषयी काही ना काही सांगितले. मुले भराभर लिहून घेत होती.